खालची माती वर

खानापूर स्टेशनाच्या मागे कौलांचे कारखाने होते.
त्यातला एक अजून धूर सोडतो, तोही आठवड्यातून दोनदा.
भरमू कुंभार तिथे राखणीला बसतो.
पलटणीतून सुटल्याला एकोणीस वर्षं झाली,
मिशी तेवढी अजून हजेरीवर.

परवा त्याला लिफाफा आला.
नाव चुकलेलं, तालुका चुकलेला,
पिनकोडाने कसाबसा दारात आणून सोडलेला.
घेऊन आला माझ्याकडे, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो
आणि त्याचा चष्मा कायम फुटलेला असतो.

कुठल्याशा आयोगाचं पत्र.
ज्या देशात भरमू निळी टोपी घालून गेला होता
तिथले जनरल आता म्हातारे झालेत,
एकाला दिसत नाही, दुसऱ्याला आठवत नाही,
आणि आयोग विचारतो आहे:
निरीक्षकांची पांढरी जीप
अमुक महिन्यात आपण चालवत होता.
काय पाहिलंत?

सोबत फॉर्म.
अक्षांश, रेखांश, वेळ, अंतर मीटरमध्ये.
पाहिले, ऐकले, इतरांकडून कळले:
योग्य तिथे खूण करा.

भरमूने खूण केली नाही.
चहाची बशी बाजूला सारली, म्हणाला,
लिव्ह मास्तर,
खालची माती वर होती.

हे कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.

तो म्हणाला, बापाबरोबर मी मलप्रभेच्या काठाला खणलोय.
वीतभर काळी, मग तांबडी,
मग पार खाली ती पिवळट, लोण्यासारखी, कौलाची.
ती आपणहून वर येत नाही.
कुणीतरी आणूस लागते.

तिथं शाळेमागं मैदान होतं.
त्यांचा कॅप्टन हौसेनं दाखवत होता,
गोलपोस्ट नवे, चुना ओला.
निरीक्षक बाई वहीत लिहीत होत्या: मैदान एक, गोलपोस्ट दोन.
मी जीपमध्ये. उतरायचा हुकूम नव्हता.
काचेतून बघितलं,
सगळी जमीन तांबडी
आणि मधोमध तीन पट्टे पिवळे,
बैलगाडीएवढे एकेक.

मग सांगितलंस कुणाला?

बाईंना सांगितलं की, संध्याकाळी.
आधी हिंदीत, मग हातांनी,
हात असा पालथा, हात असा उताणा.
त्यांना वाटलं मी भाकरीचं बोलतोय.
हसल्या. पिशवीतून पावाचे दोन तुकडे काढून दिले.

खाल्लेस?

भूक होती मास्तर.

दुसऱ्या दिवशी मैदानावर रोलर फिरला.
अहवालात आलं, आक्षेपार्ह काही आढळले नाही.

तीन रात्री मी ते एक वाक्य इंग्रजीत करतोय.
शब्दकोशातून जी माती निघते
तिला फार तर झोप लागत नसावी, इतकंच.
वाचून दाखवलं की भरमू मान हलवतो.
त्याला इंग्रजी येत नाही, चूक कळते.
शेवटी म्हणाला, मराठीतच जाऊ दे.
त्यांच्यात असेल की कुणीतरी खणणारा.

पोस्टात काउंटरवरच्या पोरीने कन्नडात विचारलं, कुठे?
मी देशाचं नाव सांगितलं.
संगणकात ते नव्हतं. देशाने मध्यंतरी नाव बदललंय.
तिला नवल वाटलं नाही,
इथे पाटीवर एक गाव असतं, तोंडात दुसरं.
तिने नवं नाव शोधून काढलं, तिकिटं मोजली,
मग लिफाफा हातावर तोलून म्हणाली, ह्यात काय आहे?

मलाही माहीत नव्हतं.
दोन पुड्या निघाल्या, जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या,
एकीत तांबडी, एकीत पिवळी.

माती जात नाही, ती म्हणाली. नियम आहे.

भरमूने पुड्या उचलल्या,
वेगवेगळ्या खिशांत घातल्या.
कागद तेवढा गेला.